शब्दांची वहिवाट

१८५३ साली निजामाने हैदराबादच्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड प्रांत कंपनी सरकारच्या हवाली केला, तेव्हा येथल्या कचेऱ्यांचा कारभार बदलला. परंतु फारसी अमदानीत रुजलेले शब्द लोकांच्या जिभेवरून हलले नाहीत, आणि ज्याने जन्मात लेखणी हाती धरली नाही असा वऱ्हाडी शेतकरीदेखील मुदत, जामीन, हरकत, तहकूब, दस्तऐवज हे शब्द आजतागायत योग्य जागी आणि योग्य वजनाने वापरतो, ही गोष्ट भाषा शिकविणाऱ्या प्रत्येकाने आदराने न्याहाळावी अशी आहे. हे शब्द त्याच्याकडून कोणी पाठ करवून घेतले नव्हते. 'हरकत' त्याने धुऱ्याच्या तंट्यात ऐकली, 'मुदत' सावकाराच्या ओसरीवर, आणि 'तहकूब' कचेरीच्या आवारातल्या कडुनिंबाखाली सकाळपासून ताटकळल्यावर. ज्या शब्दापाठीमागे शेत, पैसा किंवा अब्रू पणाला लागली होती, तो शब्द विसरण्याची सोयच नव्हती. महसुली भाषेत बोलायचे तर या शब्दांवर त्याचा हक्क वहिवाटीने सिद्ध झाला.

इंग्रजीच्या उच्च शब्दसंपदेचा विचार करताना हा शेतकरी मला वारंवार आठवतो, कारण अमरावती-अकोल्याच्या शिकवणी वर्गांतून स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी त्याची नातवंडे नेमक्या उलट वाटेने चालली आहेत. कठीण शब्दांची वर्णानुक्रमे लावलेली यादी, शेजारी एकेक मराठी अर्थ, पुढे चार समानार्थी शब्द. पहाटे उठून ते घोकावेत, रविवारी चाचणी द्यावी आणि पुढचा रविवार उजाडेपर्यंत विसरून जावे. "सर, शब्द पाठ तं होते जी, पण लिहाच्या वक्ती एकबी आठवत नाही. असं काहून होते?" असे एका मुलीने मला मोठ्या कळकळीने विचारले होते. तिच्या बुद्धीत वा परिश्रमात कसलीही उणीव नव्हती. यादीने तिला शब्द दिला होता, पण तो कोणत्या क्रियापदाबरोबर नांदतो, कोणत्या विशेषणाशी त्याचे जुळते, न्यायासनासमोर शोभतो की मित्राच्या पत्रात, हे काहीच दिले नव्हते. थंडी पडते, ऊन तापते आणि पाऊस कोसळतो, हे मराठी मुलाला कोणी तक्त्यावरून शिकवीत नाही. तो ते ऋतूंबरोबर शिकतो.

याद्या मुळीच निरुपयोगी आहेत, असे मात्र मी म्हणणार नाही. ढाक्यात शिक्षणखात्याची नोकरी करीत असताना ज्यांनी बंगाली मुलांसाठी मोजक्या शब्दांची वाचनमाला रचली, त्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली सुमारे २००० शब्दांची पायाभूत सूची प्रसिद्ध केली, आणि २००० साली अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी विद्वत्तापूर्ण लेखनात सर्वत्र आढळणारी ५७० शब्दकुले वेचून काढली. पण साधी कादंबरी किंवा वृत्तपत्र अडखळल्यावाचून वाचण्यास आठ-नऊ हजार शब्दकुलांची ओळख लागते, असा पॉल नेशन यांचा हिशेब आहे. आणि एवढी वस्ती घोकून कोणाच्या स्मरणात राहणार? ती वाचनातच पुन्हा पुन्हा भेटावी लागते.

या प्रांताने इंग्रजीवर प्रभुत्व मिळविलेली माणसे पाहिली आहेत. डिसेंबर १८९७ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीस भरले, त्याच्या स्वागतसमितीचे अध्यक्ष दादासाहेब खापर्डे होते. संस्कृत आणि इंग्रजी या दोन्ही वाङ्मयांत मुरलेला हा वकील टिळकांना १९०८ साली शिक्षा झाल्यावर त्यांच्या सुटकेच्या खटपटीसाठी विलायतेस गेला. त्यांनी वर्षानुवर्षे इंग्रजीत लिहिलेली दैनंदिनी, आणि विशेषतः तिच्यातला साईबाबांच्या सहवासातील शिर्डीचा भाग, ज्याने वाचला असेल त्याला तिची वाक्ये किती साधी आणि शांत आहेत हे ठाऊक असेल. ज्याच्यापाशी शब्दांचे भांडार होते, तो ते रोज उघडून दाखवीत नव्हता; प्रसंग मागेल तेवढेच काढीत होता. उच्च शब्दसंपदेची मला पटलेली ही पहिली खूण आहे.

दुसरे उदाहरण पापळ गावच्या पंजाबराव देशमुखांचे. अमरावती जिल्ह्यातील शेतकऱ्याचा हा मुलगा एडिंबरोला शिकला, ऑक्सफर्डला गेला, आणि वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास हा विषय घेऊन त्याने इंग्रजीत प्रबंध लिहिला. तो १९३३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. मला यात विषयाची निवड फार मोलाची वाटते. परक्या भाषेतील अत्यंत सूक्ष्म शब्द त्याने आपल्या ऋचांच्या आधाराने हाताळले. विषय घरचा असल्यामुळे भाषेचे परकेपण त्याला अडवू शकले नाही.

घरचे असे आणखीही एक साधन आपल्यापाशी आहे, आणि ते वर्गात क्वचितच वापरले जाते याची मला खरीखुरी खंत वाटते. 'नी' म्हणजे नेणे या एका धातूपासून विनय, अनुनय, अभिनय, परिणय आणि प्रणय हे शब्द उपसर्गांच्या बळावर कसे निघाले, हे संस्कृत शिकलेल्या मुलाला माहीत असते. लॅटिनमध्येही नेण्याच्या अर्थाचा 'ड्यूसेरे' हा धातू आहे. इंट्रोड्यूस, रिड्यूस, प्रोड्यूस, डिड्यूस, कंडक्ट, इंडक्शन ही सारी त्याचीच संतती. आत, मागे, पुढे, खाली, सोबत या दिशा उपसर्ग दाखवितात आणि धातू चालतो. ही रचना एकदा दिसली म्हणजे अनोळखी शब्दाचाही चेहरामोहरा ओळखीचा वाटू लागतो. तरीही, 'विनय' शब्दातील 'नी' ओळखल्याने विनयी माणूस कसा बोलतो हे कळत नाही. व्युत्पत्ती दारापर्यंत नेते, आत मात्र वाचनच नेते.

म्हणून त्या मुलीला मी यादी बाजूस ठेवून कापसाविषयी इंग्रजीत वाचण्यास सांगितले. तिचे वडील पऱ्हाटी लावतात. रुई, सरकी, बोंड, धाग्याची लांबी आणि जिनातला भाव हे सारे तिने जेवतानाच्या बोलण्यात ऐकलेले होते. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भात हाहाकार उडविला, त्यावरचे इंग्रजी लेख तिने वाचावयास घेतले, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची पत्रके मिळविली. आणि ससेप्टिबल, रेझिस्टंट, इन्फेस्टेशन, डिटिरिओरेट हे यादीतले निर्जीव शब्द तिला आपल्याच शेताच्या बांधावर उभे असलेले आढळले. रोज एकाच शब्दाचे पूर्ण वाक्य, त्याच्या सोबत्यांसह, वहीत उतरवायचे आणि खाली त्याच शब्दाने आपल्या शेतातली घटना सांगणारे स्वतःचे वाक्य लिहायचे, एवढाच नेम आम्ही ठरविला. पहिल्या पानांवर तिची वाक्ये वाचलेल्या वाक्यांची नक्कल होती. पुढे एके दिवशी तिने कीटकनाशकांच्या वाढत्या फवारणीवर दीड पानाचा इंग्रजी मजकूर आणून दिला. त्यात ते शब्द होते, पण माझे लक्ष प्रथम गेले ते तिच्या वडिलांच्या कर्जाचा हिशेब मांडणाऱ्या परिच्छेदाकडे, कारण त्यात अवघड शब्द एकच होता आणि तो हलविता येण्यासारखा नव्हता.