आश्रयार्थ्यांचा पुरावा

घराला आग लागली असतां मनुष्य प्रथम मुलांबाळांना बाहेर काढतो. कागदपत्रांची पेटी त्याला मागाहून आठवते. परंतु स्वदेश सोडून परक्याच्या दारीं आश्रय मागावयास आलेल्या मनुष्याला लोक प्रथम त्या पेटीविषयींच विचारतात. इंग्लंडांत अशा आश्रयार्थ्यांस पुरावा जमविण्याच्या कामीं आम्ही कांहीं काळापासून यथाशक्ति विनामूल्य साहाय्य करीत आहों. त्या अनुभवावरून सुचलेले चार विचार वाचकांपुढें ठेवीत आहों.

१९५१ च्या जिनीव्हा येथील करारान्वयें, वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक वर्ग किंवा राजकीय मत यांपायीं छळ होईल अशी साधार भीति बाळगून जो देशाबाहेर आला आहे, तो निर्वासित होय. या व्याख्येंतील ‘साधार’ या एका शब्दांत आमचें सारें काम सामावलेलें आहे. भीति मनांत असते. तिचा आधार मात्र दाखवावा लागतो. आणि तो आधार देणारे दाखले ज्या सरकारच्या दप्तरांत असतात, पुष्कळदां त्याच सरकारच्या भयानें हीं माणसें पळालेलीं असतात! ही अडचण ओळखूनच संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तांनीं १९७९ सालीं काढलेल्या मार्गदर्शिकेंत, अर्जदारानें मनापासून प्रयत्न करूनही पुरावा न मिळाल्यास व त्याची हकीकत एकंदरींत विश्वसनीय असल्यास, त्यास संशयाचा फायदा द्यावा असें सांगितलें आहे. म्हणून हकीकतीची सुसंगति हाच पुष्कळदां मुख्य पुरावा ठरतो.

आमचें काम वकिली नव्हे. अधिकार नसतां या बाबतींत कायद्याचा सल्ला देण्यास इकडे १९९९ च्या कायद्यानें मनाई आहे. पत्रें व छायाचित्रें क्रमवार लावणें, वर्तमानपत्रांतील बातम्या शोधणें, भाषांतरें मिळविणें, तारखा ताडून पाहणें, इतकेंच आम्ही करतों. परंतु तारखा ताडणें ही गोष्ट वाटते तितकी क्षुल्लक नाहीं. तालिबाननें काबूल घेतलें तो १५ ऑगस्ट २०२१ हा दिवस अफगाणांच्या सौर पंचांगांत १४०० सालच्या असद महिन्याचा २४ वा दिवस होता. त्या वर्षीं असद महिना २३ जुलैला सुरू होऊन २२ ऑगस्टला संपला. आतां ‘असदमध्यें मला धरलें’ हें वाक्य एका दुभाष्यानें ‘जुलै’ व दुसऱ्यानें ‘ऑगस्ट’ असें उतरविलें, कीं खरें बोलणारा खोटा ठरण्यास विलंब लागत नाहीं. शकांत ७८ मिळवून इसवी सन काढणाऱ्या आम्हां मराठी माणसांना तरी ही अडचण चटकन उमजावी.

याहून अवघड प्रसंग निराळाच असतो. एका तरुणाला चार दिवस कोंडून ठेवण्यांत आलें होतें. ‘चार काय सांगतोस, चाळीस सांग,’ असा त्याच्या सोबत्यांचा आग्रह. त्यानें आम्हांला विचारलें, ‘चार दिवस ऐकणाराला पुरेसे वाटतील का?’ त्या प्रश्नानें आम्ही निरुत्तर झालों. दुःखाचें मोजमाप दिवसांवर व्हावें, यांतच मोठा अन्याय आहे. तथापि तो अन्याय आंकडा वाढवून दूर होत नाहीं. छळाच्या खुणा तपासणाऱ्या डॉक्टरांकरितां १९९९ सालीं इस्तंबूल प्रोटोकॉल तयार झाला. अंगावरील वण सांगितलेल्या हकीकतीशीं कितपत जुळतो, याच्या पायऱ्या त्यांत ठरविलेल्या आहेत. डॉक्टरांनीं दयेपोटीं एक पायरी अधिक चढावी, तर सारीच नोंद निकामी व्हावयाची. आमच्या कामाचेंही तसेंच आहे. एक तपशील फुगविलेला आढळला, तर उरलेले खरे तपशीलही त्याच्याबरोबर बुडतात.

त्या तरुणाच्या कागदांत चारच दिवस राहिले. निकाल अद्यापि लागलेला नाहीं, आणि तो कसा लागेल हें आम्हांस सांगवत नाहीं.

आपल्यापैकीं पुष्कळांचीं मुलेंमुली शिक्षणास वा नोकरीस इकडे आलेलीं आहेत. त्यांना उर्दू, बंगाली, तमिळ यांपैकीं एखादी भाषा अवगत असल्यास, आठवड्यांतील एक सायंकाळ त्यांनीं या कामास अवश्य द्यावी. करुणा तर हवीच; परंतु तिच्या जोडीला स्वच्छ अक्षर आणि तारखांचा काटेकोरपणाही हवा.