हाक्याचा वाटा

१९५० च्या दशकात जन्मलेली आम्ही चुलत, आते, मामे भावंडं आता सत्तरीच्या घरात आहोत. गणपतीला गावी जमलो, आरत्या आटोपल्या, की पडवीत शिकारीच्या गोष्टी निघतात. बार कुणाचा लागला, सुळे केवढे होते, हे फार वेळ चालत नाही. बोलणं टोपावर येतं, आणि मग कुणाला झोप नको असते.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी. वरकसावरची नाचणी-वरी पिकू लागली की रानडुकरं उतरायची. रात्रीत कळप शेत लोळवून जायचा आणि वर्षाच्या भाकरीवर पाणी पडायचं. शेतराखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक दोन-चार घरांत होती. कापणी आटोपली की गावकी बसायची आणि पारधीचा दिवस ठरायचा. काहींनी वाटेवर दबा धरायचा, बाकीच्यांनी पत्र्याचे डबे बडवत, ओरडत रान काढायचं. डोंगरातल्या धनगरवाड्यावरचे बाप्ये माग काढण्यात तरबेज होते. ते आल्याशिवाय हाका सुरू होत नसे.

आदल्या संध्याकाळीच मंडळी पऱ्ह्याच्या काठी वस्तीला जायची. दहा-बारा वर्षांच्या पोरांना सोबत न्यायचे ते जाळ राखायला आणि पाणी भरायला. सामान मोजकंच असायचं. एक मोठा जर्मनचा टोप, कोयते, तांदूळ, मिठाचे खडे, आमसुलं, कांदे, लसूण, आणि आजीने फडक्यात बांधून दिलेली मसाल्याची पुरचुंडी. पत्रावळीला पानं रानातली. तीन दगड मांडले की चूल झाली. पहिल्या रात्री पिठलं-भात व्हायचा. सुकटीची चटणी असली तर चैन.

शिकार मिळाली तर दुसऱ्या दिवशी दुपारी त्या जागेची कळा पालटायची. डुकराचे राठ केस पेंढ्याच्या जाळावर भाजायचे आणि कातडं कोयत्याने खरवडायचं. हे काम थोरल्या काकांचं. जाळ जास्त झाला तर कातडं फाटतं, कमी पडला तर केस राहतात, म्हणून ते कुणाला पेंढा पुढे सारू देत नसत. काळीज मात्र टोपात जायचंच नाही. त्याचे तुकडे कुड्याच्या हिरव्या काठीला टोचून, मीठ चोळून निखाऱ्यावर धरायचे. तो पहिला तुकडा हाक्यातल्या सर्वांत लहान पोराच्या हातावर पडायचा. आम्हा भावांतल्या प्रत्येकाने तो एकदा तरी खाल्ला आहे, आणि जीभ भाजल्याचं प्रत्येकाला आठवतं.

थोडी सागुती तिथेच शिजायची. चरबी टोपाच्या तळाशी टाकली की तिचंच तेल सुटायचं. त्यात ठेचलेला लसूण, बुक्कीने फोडलेला कांदा, मसाला, मग मांस, आणि उतरवताना मूठभर आमसुलं. वाटप नाही, खोबरं नाही. तरी तसा रस्सा घरी कधी जमला नाही, यावर आम्हा भावांचं एकमत आहे. दिवसभर रान तुडवलेल्या पोटाचाही त्यात हात होता.

जेवण्याआधी वाटे पडायचे. सागाची पानं एका ओळीत मांडायची आणि प्रत्येक पानावर थोडं हाड, थोडी चरबी, थोडं मऊ मांस ठेवत जायचं. एखादा ढीग लहान वाटला तर शेजारचा तुकडा उचलून त्यात. मग एका पोराला पाठमोरं उभं करायचे. जाणता माणूस एका ढिगावर काठी टेकवून विचारी, ‘‘हा कुणाचा?’’ पोर नाव घेई, आणि तो वाटा त्याचा. रुसवाफुगवा नाही, अदलाबदल नाही. ज्याची गोळी लागली त्याला एक वाटा जास्त, ज्याचा कुत्रा धावला त्याला कुत्र्याचा वाटा. बाकी सारे सारखे, मग तो बंदूकवाला असो की डबा बडवणारा. ज्या घरात हाक्याला जाणारा पुरुषच उरला नव्हता, त्या घराचंही पान मांडलेलं असायचं.

तिथे सगळे एका टोपातलं, एका ओळीत बसून जेवायचे. डोंगरातला माग काढणारा आणि गावचा खोत मांडीला मांडी लावून. गावात मात्र तोच माग काढणारा आमच्या ओटीखाली उभा राहायचा. पाणी वरून वाढलं जायचं. रानातली पंगत गावाच्या वेशीपर्यंत टिकायची नाही, हे आम्ही लहानपणी डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा विचारायची अक्कल नव्हती. आज आमच्यातला एकही जण ते झाकून ही आठवण सांगत नाही.

आमच्या बहिणींची आठवण वेगळी आहे. त्यांना रानात कुणी नेलं नाही. त्यांना आठवते ती पहाटेची परसदारची चूल, आई-काकूंनी थापलेली भाकऱ्यांची चवड, आणि त्या डोक्यावर घेऊन पऱ्ह्यापर्यंत जाणारा गडी. वाटा घरी आला की पुन्हा काम त्यांचंच. डुकराची सागुती देवघराजवळच्या चुलीवर चढत नसे. अंगणात वेगळी चूल, वेगळं भांडं. उरलेल्या मांसाच्या पट्ट्या हळद-मीठ लावून धुरावर सुकवायच्या आणि गिरणीत कामाला असलेल्या काकांसाठी मुंबईला पाठवायच्या. पुरुष जेवले, पोरं जेवली, की आई खरवडलेल्या टोपात भात कालवून घ्यायची. धाकटी ताई हे सांगते तेव्हा पडवीतले आम्ही सगळे भाऊ गप्प बसतो. ज्या वाट्यांच्या न्यायाचं आम्ही कौतुक करतो, त्यात भाकऱ्या थापणारीचं पान कधी मांडलं गेलं नाही.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. पुढे काही वर्षांत पारध थांबली, बंदुका गंजल्या, टोप माळ्यावर गेला. ते योग्यच झालं. आमच्या लहानपणी दिसणारं भेकर, ससा, साळिंदर कसं झपाट्याने कमी झालं ते आम्ही पाहिलं आहे, आणि त्याला आमच्याच बंदुका कारण होत्या. आज रानडुकराचा उपद्रव पुन्हा आहे. पण त्याला मारायचं तर वनखात्याची रीतसर परवानगी लागते, आणि विनापरवाना मारलेलं जनावर कायद्याने सरकारची मालमत्ता ठरतं. त्याचे वाटे कुणीच घालू नयेत.

पण वाटे घालायची रीत शिकारीबरोबर जायला नको होती. गावकीचा बोकड असो, आंब्याच्या पेट्या असोत, की वडिलोपार्जित जमिनीचे पैसे. पानं एका ओळीत मांडा, राबलेल्या प्रत्येकाचं नाव घ्या, आणि ज्याच्या घरातून कुणी येऊ शकलं नाही त्याचंही पान ठेवा. पंगत वेशीवर मोडू नका. आणि या खेपेला भाकऱ्या थापणारीचं पान सगळ्यांच्या आधी वाढा.