मी समन्स घेतलं नव्हतं

वेड पांघरून पेडगावला जाण्याची म्हण श्रीगोंदा तालुक्यातल्या, भीमाकाठच्या पेडगावची. माझं पेडगाव परभणीचं. तरी २०१९ च्या उन्हाळ्यात मी नेमकं तेच केलं. कोर्टाचा माणूस दारात आला तेव्हा आतूनच सांगायला लावलं, घरी नाहीत. पोस्टानं आलेलं पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत जाऊ दिलं. कागद हातात घेतला नाही तर केस चालतच नाही, अशी माझी खात्री होती. पारावर बसून हाच सल्ला मी चार जणांना दिला. तो चूक होता, आणि तो मागे घेण्यासाठी हे लिहितो आहे.

उधारी खरी होती. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं कापूस नेला. खत, बियाणं, फवारणी सगळं एका दुकानदाराकडून उचललेलं. वचनचिठ्ठीवर सही माझीच. १,६०,००० रुपये. त्यातले ४५,००० मी दोनदा करून भरले होते, पावत्या ट्रंकेत होत्या. दावा मात्र पूर्ण रकमेचा पडला. हे सांगायला मी तारखेला हजर नव्हतो, आणि ट्रंकेतली पावती न्यायाधीशांना दिसणार कशी? समन्स नाकारलं की बेलीफ ते दारावर चिकटवून जातो आणि ते बजावलं गेलं असं धरलं जातं. निकाल एकतर्फी लागला. पूर्ण रक्कम, वर व्याज, वर दाव्याचा खर्च.

२०२२ मध्ये त्या निकालाच्या वसुलीची दरखास्त लागली आणि बेलीफ जप्तीचं वॉरंट घेऊन आला. बायकोनं घागरी, पराती शेजारच्या घरी न्यायला सुरुवात केली. तो सकाळपासून उन्हात फिरलेला, वयानं मोठा माणूस. म्हणाला, “ताई, भांडे कशाला हलवायलात? भांड्यांना कोणी हात लावत नाही.” तिथंच उंबऱ्यावर बसून त्यानं मला जे सांगितलं ते मी तोवर कुणाकडूनच ऐकलं नव्हतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नं स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, नेसते कपडे जप्तीतून वगळले आहेत. शेतकऱ्याची औतं, पोटापुरती लागणारी जनावरं आणि बियाणं, तो राहतो ते घरही वगळलं आहे, मात्र ते गहाण टाकलेलं नसावं. जमिनीला अशी सूट नाही. ती जप्त होऊ शकते, हेही त्यानं झाकून ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी परभणीला वकिलांकडे गेलो. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घ्यायला अर्ज करता येतो, पण मुदत ३० दिवसांची. समन्स रीतसर बजावलेलं असलं तर ती निकालाच्या तारखेपासून मोजतात. माझी केव्हाच गेली होती. आणि दरखास्तीत हुकूमनाम्याच्या मागे जाता येत नाही, म्हणजे निकालाआधी भरलेले ४५,००० तिथं काढून उपयोग नव्हता. त्या रात्री मला झोप लागली नाही. कर्जापेक्षा त्या दोन पावत्यांचं दुःख जास्त होतं.

वकिलांनीच मला १८७५ ची गोष्ट सांगितली. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं आणि हुकूमनामे काढून जाळले. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. कर्जदार कुळाला कोर्टात बोलवा, त्याचं ऐका, व्यवहार मुळापासून तपासा, हप्ते बांधून द्या, हा त्याचा गाभा. पुढे न्यायमूर्ती रानडे यांनी त्या कायद्याखाली काम केलं. परभणी तेव्हा निजामाकडे, तो कायदा इथं नव्हता. पण कुळाचं म्हणणं ऐकलं जावं म्हणून तेव्हा केवढा उठाव झाला, आणि मला घरपोच आलेलं बोलावणं मी परत पाठवलं. हे मला फार लागलं.

भीती तुरुंगाचीही होती. पैसे असून जो देत नाही, त्याच्यासाठी दिवाणी कैद आहे. जवळ काहीच नाही, त्याला केवळ गरिबीपायी आत टाकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी १९८० मध्येच स्पष्ट केलं आहे. आमच्या मराठवाड्यात कर्जाच्या धास्तीनं माणसं जीव देतात. ही एवढी माहिती पारावर असती तर, हा विचार मनातून जात नाही.

शेवटी प्रकरण लोकअदालतीत ठेवलं. तिथं मी पहिल्यांदा पावत्या पुढे केल्या. दुकानदारानं त्या नाकारल्या नाहीत. व्याजाचा मोठा भाग सोडला आणि सुगीनंतरचे चार हप्ते ठरले. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचून घेतली. शेवटचा हप्ता दिला त्या दिवशी पूर्ण वसुलीची पुरसीस, म्हणजे तसं लेखी निवेदन, कोर्टात दाखल करून घेतली, तिची प्रत आता त्याच ट्रंकेत आहे.

समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं असतं. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, नाहीतर १५१०० या क्रमांकावर फोन करा. आणि पेडगावात माझं ऐकून ज्यांनी ज्यांनी कागद परत पाठवले, त्यांना हात जोडून सांगतो: परभणीच्या कोर्टात जाऊन आपल्या नावावर काय निकाल लागला आहे, ते या आठवड्यात बघून या. सोबत कुणी नसेल तर मी येतो.