हरावं तर समोरच्याच्या हातून

हर्थस्टोन नावाच्या पत्त्यांच्या खेळात समोरच्या माणसाशी बोलायला मोजून सहा वाक्यं दिलेली आहेत. नमस्कार, आभार, छान खेळलात, अरेरे, एक धमकी आणि एक आश्चर्याचा उद्गार. एवढ्यावर भागवायचं. समोरचा सोलापूरचा आहे की सोलचा, बारा वर्षांचा आहे की साठीचा, काही कळत नाही. आधी या सहांत 'माफ करा' होतं. डाव हातातून गेलेल्या माणसाला लोक सावकाश, पुन:पुन्हा 'माफ करा' म्हणत राहायचे आणि ते जिव्हारी लागायचं. २०१५ मध्ये ती माफी काढून टाकली आणि तिच्या जागी 'वा!' आलं. मग डिवचण्यासाठी 'वा!'सुद्धा तितकंच उपयोगी आहे हे लोकांनी लवकरच शोधून काढलं.

जबलपूरला सहा वाक्यांत भागत नाही. इथे पानटपरीवर ओळखपाळख नसलेला माणूसही 'काए बड्डे' म्हणून बोलायला लागतो आणि पान संपेपर्यंत घरचं सगळं सांगून होतं. त्यामुळे खेळाच्या आत जे बोलता येत नाही ते सगळं आमच्या राइट टाउनच्या गच्चीवर सांडतं. माझा भाचा आणि त्याची मित्रमंडळी. कुणी खमरियाच्या कारखान्यात शिकाऊ, कुणी इंजिनिअरिंगला, कुणी दोन वर्षं परीक्षा देत बसलेला. भांडण हिंदीत चालतं, आणि अगदीच अडलं की भाचा मराठीत माझ्याकडे दाद मागतो. "मावशी, तूच सांग, हे बरोबर आहे का?" मी खेळात मध्यम आहे, पण या मुलांची मतं मी मन लावून ऐकते. त्यांच्या तक्रारींत न्यायाची जी भूक आहे, ती मला फार मोलाची वाटते.

आमच्या घरात पूर्वी पत्त्यांचा एकच जोड असायचा. मेंढीकोट, पाच-तीन-दोन, तीनशे चार, झब्बू सगळं त्याच बावन्न पानांवर. शेजारच्या हिंदी घरी दहला पकड चालायचा, तोही तसल्याच जोडावर. पिसणारा पिसायचा, कापणारा कापायचा, आणि वाटून हातात आलेल्या पानांवर आपलं नशीब ठरायचं. पानं वाईट लागली तर दैवाला बोल लावायचा. चांगली लागूनही हरलात तर जोडीदाराला. पण कुणाच्याही घरातला पैसा त्या पानांत शिरत नव्हता. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्याचंही तेच. १२० गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा आणि प्रधान. दिवसा खेळायला बसलात तर उतारी रामाची, रात्री बसलात तर कृष्णाची. निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि निम्म्यांत एक्का मोठा, हे डोक्यात ठेवायला सवय लागते. किती सुंदर, किती अवघड खेळ! पण पेटी यजमानाची. खेळणारा रिकाम्या हाताने येतो आणि रिकाम्या हाताने उठतो.

१९९३ मध्ये रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकी गणितज्ञाने 'मॅजिक: द गॅदरिंग' आणला आणि ही रीत उलटी केली. पेटी कुणा एकाची नाही. प्रत्येकाने आपापला गठ्ठा घरून बांधून आणायचा. त्याच वाटेने पुढे जपानचा यू-गी-ओ आला, आणि मग फोनवर, संगणकावर फुकट खेळायचे हे सगळे द्वंद्वाचे खेळ: २०१४ मध्ये हर्थस्टोन, २०१७ मध्ये जगभर पसरलेला ड्युएल लिंक्स, २०२२ मध्ये मास्टर ड्युएल आणि मार्व्हल स्नॅप. हर्थस्टोनमध्ये तीस पानांचा गठ्ठा आणि तीस जीव. पहिल्या पाळीत पानं टाकण्यासाठी एक मणी खर्चायला मिळतो, दुसरीत दोन, असं करत दहापर्यंत. पहिली पाळी मिळाली की फायदा होतो, म्हणून दुसऱ्याला एक पान जास्त आणि वर एक नाणं. ते नाणं एका पाळीपुरतं एक मणी उसना देतं. मला हे नाणं पहिल्यापासून आवडलं. ज्याने ते घातलं त्याने उशिरा येणाऱ्याचा विचार केला होता.

पण गठ्ठा घरून आणायचा म्हटलं की पहिलं पान पडण्याआधीच घर आडवं येतं.

गच्चीवरच्या भांडणांत सगळ्यांत जास्त वेळ यावर जातो. खेळ फुकट आहे, खोटं नाही. रोज खेळून सोनं मिळतं, शंभर सोन्याला पाच पानांचं एक पाकीट. नको असलेली पानं मोडली की जादूची धूळ मिळते आणि त्या धुळीतून हवं ते पान घडवता येतं. हिशेब मात्र कडक. सर्वांत दुर्मीळ पान घडवायला १६०० धूळ लागते आणि तसलंच पान मोडलं तर ४०० मिळते. म्हणजे चार राजे मोडावेत तेव्हा एक राजा उभा राहतो. अगदी साध्या पानाला तर ४० लागते आणि मोडून येते ५. मास्टर ड्युएलमध्ये हाच दर एकास तीन आहे, म्हणून भाच्याचा एक मित्र तिकडे गेला आणि परत आलाच नाही.

ज्याच्याकडे पैसे आहेत तो एका संध्याकाळी पाकिटांचा ढीग उघडतो. ज्याच्याकडे नाहीत तो महिनाभर धूळ जमवतो, आणि पान हाती येईतो खेळाची हवा पालटलेली असते. कारण दर काही महिन्यांनी नवी पानं येतात, जुनी मागे पडतात, आणि फार माजलेल्या पानाचं बळ कंपनी कमी करते. बळ कमी केलेलं पान काही दिवसांत मोडलं तर पूर्ण धूळ परत मिळते. तेव्हा 'हे पान फार जोरात आहे, याला आवरा' या ओरडीत थोडा स्वार्थही मिसळलेला असतो, हे मुलं मोकळेपणाने कबूल करतात. मला तो स्वार्थही समजतो. महिन्याची बचत एका चित्रात अडकली आहे आणि ते चित्र उद्या निकामी होणार की नाही, हे दूर कॅलिफोर्नियात ठरतं.

तरीही फुकट खेळणाऱ्याने किती मागावं, हा प्रश्न उरतोच. लेजंड्स ऑफ रूनटेरा हा खेळ २०२० मध्ये आला. तो इतका उदार होता की खिशाला हात न लावता हवी ती पानं हळूहळू सगळी मिळायची. ज्याला विचारावं तो त्याचं कौतुक करी. २०२४ च्या जानेवारीत त्याच्या कंपनीने जाहीर केलं की खेळ चालवायला जेवढा खर्च येतो तेवढं त्यातून मिळत नाही. माणसं कमी झाली आणि दोघांनी समोरासमोर खेळायच्या बाजूकडे लक्ष देणं जवळपास थांबलं. उलट २०१८ चा आर्टिफॅक्ट. तोही गारफिल्डनेच रचलेला, पण आधी वीस डॉलर मोजा आणि मग पानंही विकत घ्या. काही महिन्यांत मैदान ओस पडलं. भाचा म्हणतो, उदारपणाने मेला तो रूनटेरा, लोभाने मेला तो आर्टिफॅक्ट. मला दोघांबद्दल सारखं वाटत नाही. रूनटेराबद्दल मला खरंच हळहळ वाटते. ज्यांनी त्याला नावाजलं त्यांतल्या कित्येकांनी, आमच्या गच्चीवरच्यांनीसुद्धा, त्याला एक रुपया दिला नव्हता.

दुसरी मोठी तक्रार वेळेची. मास्टर ड्युएलमध्ये पहिली पाळी घेणारा कधी कधी कितीतरी वेळ एकटाच पानं मांडत बसतो. एक पान दुसऱ्याला बोलावतं, दुसरं तिसऱ्याला, आणि शेवटी असा कोट उभा राहतो की समोरच्याला एकही चाल उरत नाही. "खेलने ही नहीं दिया," असं म्हणत मुलं फोन उताणा टाकतात. या वाक्यातलं दु:ख खरं आहे. हरल्याबद्दल ते बोलत नसतात. आपण तिथे होतो की नव्हतो याने काहीच फरक पडला नाही, ही बोच असते. ड्युएल लिंक्समध्ये डाव मुद्दाम लहान ठेवला आहे, ८००० च्या जागी ४००० गुण आणि पाचाऐवजी तीनच घरं, म्हणून थकलेली मुलं तिकडे वळतात.

नियम कुणाचा, खेळाडूचा की मालकाचा, या बाबतीत जबलपूरला बोलायचा हक्क आहे. १८७५ च्या पावसाळ्यात इथल्या छावणीत अडकून पडलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी बिलियर्ड्सच्या टेबलावर एक नवा खेळ जमवला. नेव्हिल चेंबरलेन हा तरुण अधिकारी त्यांत पुढे होता. त्याच नावाचा पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झाला तो वेगळा. पंधरा लाल आणि एक काळा असा खेळ आधीपासून होता, त्यात हे लोक आणखी रंगांचे चेंडू घालून बघू लागले. कुणाच्या मनात येईल तो रंग, जमेल तो नियम. तोच स्नूकर. सात वर्षांनी, १८८२ मध्ये, उटकमंडच्या क्लबात चेंबरलेनने त्याचे नियम लिहून लावले, आणि ही सगळी हकिगत त्याने स्वत: १९३८ मध्ये एका इंग्रजी नियतकालिकाला पत्राने कळवली. बाहेर नर्मदेला पूर आलेला असेल आणि आत चार माणसं काळ्या चेंडूला किती गुण द्यावेत यावर हुज्जत घालत असतील, हे चित्र मला या शहराच्या कुठल्याही तोफेच्या कारखान्याहून जवळचं वाटतं. खेळणाऱ्यांच्या मतांनी खेळ घडतो, त्याची सुरुवात आमच्याकडे अशी झालेली आहे.

आज ते पुन्हा एका ठिकाणी घडलं आहे. ग्वेंट या पोलंडच्या खेळात २०२३ च्या अखेरीस कंपनीने नवी पानं काढणं बंद केलं, पण खेळ मिटवला नाही. ठराविक पातळी गाठलेले खेळाडू आता दर महिन्याला मतदान करतात: कुठल्या पानाचं बळ वाढवायचं, कुठल्याचं कमी करायचं. तिथेही गट पडतात, आपल्या लाडक्या पानासाठी प्रचार होतो. पडू देत. तक्रार करणाऱ्यांच्या हाती अधिकार आला की तेही तोलूनमापून बोलायला लागतात, आणि मला हर्थस्टोनसाठी हेच हवं आहे.

कायद्यानेही मध्ये पाऊल टाकलं आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. पैसे लावून जिंकण्याच्या आशेने खेळायचे खेळ बंद, मग त्यांत कौशल्य असो की नशीब. ई-स्पोर्ट्सना मात्र मान्यता. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिकंदराबादच्या एका क्लबाच्या खटल्यात रमी मुख्यत: कौशल्याचा खेळ मानला होता; या नव्या कायद्यापुढे ती रेघ पुसली गेली. मध्य प्रदेश उच्च न्यायालयातही या कायद्याविरुद्ध याचिका आली आणि सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती इतर याचिकांबरोबर आपल्याकडे घेतली. १ नोव्हेंबर १९५६ पासून हे न्यायालय जबलपूरला आहे, आणि आमच्या घरात त्याच्या बातम्या जेवताना निघतात. मुलांना वाटलं, आपलाही खेळ गेला. नाही गेला; इथे पैज लावून पैसे जिंकायचे नसतात. पण बंद पाकीट विकत घेऊन आत काय निघेल याची वाट बघण्यात जुगाराचं काहीतरी आहे, हे मी त्यांना सांगितलं आणि पुन्हा सांगेन. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन घ्यायच्या अशा नशिबाच्या पेट्यांना जुगारच ठरवलं. चाळीस पाकिटांत एक तरी सर्वांत दुर्मीळ पान निघेलच अशी हमी हर्थस्टोन देतं, पण चाळिसावं पाकीट विकत घ्यायला लावणारी तीच हमी असते. मुलांच्या हाती पाकीट देऊ नये. हवं ते पान ठरलेल्या किमतीला सरळ विकावं.

ई-स्पोर्ट्सना कायद्याने मान्यता मिळण्याआधीच भुजच्या तीर्थ मेहताने हर्थस्टोनमध्ये २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत कांस्य मिळवलं. ई-स्पोर्ट्स तेव्हा प्रात्यक्षिक खेळ होते, पदकतालिकेत ते धरलं गेलं नाही. पण आमच्या गच्चीवर ते धरलं जातं. भुज काही बंगळूरू नाही, हे वाक्य मी किती वेळा ऐकलं आहे! पुढच्या हांगझोऊ स्पर्धेच्या यादीत हर्थस्टोन पदकासाठी होता, पण कंपनीचा चीनमधला करार २०२३ च्या जानेवारीत संपला आणि खेळ यादीतून गळला. तयारी करणाऱ्यांचं काय, हे त्या करारात कुठे लिहिलेलं असणार?

गेल्या आठवड्यात भाचा हरला. समोरच्याच्या गठ्ठ्यात एकही दुर्मीळ पान नव्हतं. सगळी साधी, चाळीस-चाळीस धुळीची. सातव्या पाळीला त्याने तीन फुटकळ सैनिक अशा क्रमाने टाकले की भाच्याचा महागडा राक्षस आपल्याच जागी अडकला. भाचा चिडला नाही. 'छान खेळलात' पाठवलं, आणि खाली येऊन मला बोलावलं. वहीचे कागद फाडून त्यांवर पानांची नावं लिहिली, जमिनीवर तो डाव पुन्हा मांडला. मित्र येताना खव्याची जिलेबी घेऊन आला होता, ती तशीच राहिली. रात्री उशिरापर्यंत एकच वाद चालला होता: नाणं तिसऱ्या पाळीला वापरलं हे चुकलं का. मित्राचं मत, चौथीपर्यंत थांबायला हवं होतं. भाचा म्हणतो, तिसरीच बरोबर. मी दोन्ही मांडून पाहिलं, आणि मलाही तिसरीच वाटते, कारण चौथ्या पाळीपर्यंत समोरच्याचे दोन सैनिक उभे राहिले असते.