आट्यांचं गणित

वर्तुळात फिरत राहायचं आणि प्रत्येक फेऱ्यात थोडं वर सरकायचं, म्हणजे मळसूत्र. सदिशांच्या भाषेत त्याचे तीन घटक: कॉस टी, साइन टी आणि टी. पहिले दोन बिंदूला गोल फिरवतात, तिसरा त्याला सावकाश वर नेतो.

इथे अमेरिकेत लेकीच्या कॅल्क्युलसमध्ये हा धडा आला. तिचं मराठी मोडकंतोडकं, आबांचं इंग्रजी त्याहून. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर ‘जेवलीस का?’च्या पुढे दोघांचं बोलणं जात नसे. त्या दिवशी तिने सहज वही दाखवली. जन्मभर लेथवर काम केलेले आबा म्हणाले, “अगं, हे तर बोल्टाचे आटे!”

मग त्यांनी एक आयताकृती कागद घेतला, त्यावर कर्ण आखला आणि कागदाची नळी केली. तिरकी सरळ रेघ मळसूत्र झाली. परीघ 3, चढ 4, तर एका फेऱ्याची लांबी 5. लेकीने तेच इंटिग्रल मांडून सोडवलं. उत्तर 5च आलं. आबा तिकडे टाळ्या वाजवत होते.

आता रविवारी फोन माझ्या हातात यायला अर्धा तास लागतो. मी स्वयंपाकघरातून ऐकते: पिच, डावे आटे, उजवे आटे.