आलीच नाही ती



बऱ्हाणपूरला आमच्या कन्याशाळेच्या मैत्रिणी तीस वर्षांनी जमल्या. कुणाची नात, कुणाचे गुडघे, सगळी खबरबात झाली. एक मात्र आली नाही. मागच्या वर्षी नवरा गेला. “मी काय सांगू गं?” फोनवर एवढंच म्हणाली.

मला पंडिता रमाबाईंचं शारदा सदन आठवलं. १८८९ साली मुंबईत उघडलं, तेव्हाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. १८९३ मध्ये त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि मुरूड गावानं कर्व्यांना वाळीत टाकलं. सदनातल्या मैत्रिणी तेव्हा काय बोलल्या असतील?

रविवारी उपासनेनंतर तिच्याकडे जाणार आहे. विचारायचं काहीच नाही. मावा जिलेबी नेईन. शाळेबाहेर एकच घेऊन दोघींत वाटायचो.