वेताळाची बाजू

गेल्या दिवाळींत आम्ही मिरजगांवीं गेलों, तेव्हां ओसरीवर मुलांत ड्रॅक्युलाची चर्चा चालली होती. १८९७ सालीं स्टोकरनें रंगविलेला तो रक्तपिपासु उमराव साऱ्यांस ठाऊक. वेताळ मात्र कोणास आठवेना! वास्तविक बर्टनसाहेबानें १८७० सालीं विक्रमाच्या कथा इंग्रजींत नेतांना वेताळास ‘व्हँपायर’च म्हटलें होतें. पण प्रेतांत शिरून झाडास उलटा लोंबणारा हा गृहस्थ रक्त मागत नाहीं; न्यायाचे प्रश्न घालतो. आमच्या आजीनें चोवीस गोष्टी सांगितल्या. शेवटच्या रात्रीं आम्हांस झोप लागली. आजी वारल्यावर पुस्तकांत वाचलें, राजा निरुत्तर झाला तेव्हां वेताळानेंच त्यास योग्याचें कपट सांगून वांचविलें. तें आम्हीं मुलांस सांगूं लागलों. धाकटी पेंगत होती. तिला हलवून जागें केलें.